वळणावरची देवी

देवी जागेवर नाही, असा फोन देवखार गावातून सकाळी पोलीस ठाण्यात आला, तेव्हा सब-इन्स्पेक्टर रंजिता चहा पीत होती. चहा कधीच थंड झाला होता. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा निकेश तळोज्याहून घरी येताना अपघातात गेला. तेव्हापासून तिला काही लागत नव्हतं. तिखट नाही, ऊन नाही, कुणाचं बोलणं नाही. साहेब म्हणायचे, रजा घे. रजा घेऊन करायचं काय, हे मात्र ते सांगत नव्हते.

देवखार म्हणजे करंजाड्याच्या पलीकडे खाडीला टेकलेलं आगऱ्यांचं गाव. मिठागरं कधीच बंद पडली. त्यांच्या कडेला आता टॉवर उभे राहत होते आणि गावातल्या पोरांच्या हातात मिठाच्या पाट्यांऐवजी साइटच्या किल्ल्या आल्या होत्या. गावदेवी मात्र होती तिथंच होती. वेशीवर, उघड्यावर, शेंदूर माखलेला, कळशीएवढा दगड. आज तिथं नुसता खळगा होता आणि भोवती अख्खं गाव जमलं होतं.

फोन करणारे बुधाजी पाटील गावकीचे प्रमुख. त्यांनी आल्या आल्या एका माणसाकडे बोट दाखवलं.

“ह्याला इचारा. देवी नकोशी ह्यालाच झालेली.”

तो शैलेश. गावातलाच, आता बिल्डर. देवी त्याला नकोशी का झाली, ते शहर नियोजनाचे अधिकारी कृष्णकांत यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून समजावलं. ते त्याच दिवशी जागेची पाहणी करायला आले होते. पनवेलच्या पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यात देवखारमधून मोठा रस्ता होता. देवस्थान हलवायचं नाही, म्हणून रस्ता वेशीपाशी वळण घेत होता. वळण घेताना तो जनी नावाच्या बाईच्या घरावरून जात होता. सरळ गेला असता, तर रिकाम्या जमिनीवरून थेट शैलेशच्या टॉवरपाशी निघाला असता.

“हे गावाला माहीत होतं?” रंजितानं विचारलं.

कृष्णकांत जरा चपापले. जनसुनावणीत ते सगळ्यांसमोर बोलून गेले होते, की तिथं देवी नसती तर रस्ता सरळच काढला असता. मग ते वीस वर्षांनी इथं लागणाऱ्या पाण्याबद्दल, शाळांबद्दल, बसथांब्यांबद्दल सांगत राहिले. रंजिताला या माणसाचं नवल वाटलं. तिला संध्याकाळी भात लावायचा की नाही, एवढंही ठरवता येत नव्हतं.

तिनं शैलेशला बाजूला घेतलं.

“रात्री कुठं होतास?”

“घरी. मोनालीला विचारा. माझी बायको.”

“रस्ता सरळ झाला तर फायदा कुणाचा?”

“माझाच. म्हणून तर मी असं करणार नाही ना, मॅडम. देवीला काही झालं तर पहिलं नाव माझंच येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मला धंदा करायचाय, गावातून उठायचं नाहीये.”

बोलणं पटण्यासारखं होतं. पण आजवर तिला भेटलेल्या बहुतेक चोरांचंही पटण्यासारखंच असायचं. त्याच्या माणसांच्या गाड्या तपासल्या, साइटची गोदामं उघडली. देवी सापडली नाही. खळग्याजवळ टायरच्या खुणा नव्हत्या, की दगड ओढत नेल्याच्या खुणा नव्हत्या.

दिवेलागणीला ती जनीकडे गेली. विधवा बाई, एकटी, साठीची. उभा जन्म मिठागरात पाट्या वाहण्यात गेलेला. देवीपुढे रोज दिवा हीच लावायची. तरी सकाळी सगळं गाव वेशीवर लोटलं, तेव्हा ही नव्हती. रंजितानं कारण विचारलं. अंगात कसर होती, असं जनी म्हणाली. माहेरचं गाव मागेच एका प्रकल्पात गेलं, आता हे घर जाईल, हेही तिनं सांगितलं. सांगताना आवाजात चढ नव्हता की उतार नव्हता. रंजिताला तो आवाज ओळखीचा वाटला.

मग जनीनं दिवा लावला. पुढच्या दारात नाही. तो तिनं मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, खाडीच्या बाजूला ठेवला आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजिता त्या मागच्या दारासमोरून निघणाऱ्या बांधावर चढली. बांध इतका अरुंद, की सायकलसुद्धा जायची नाही. तो थेट एका पडक्या मिठाच्या कोठारापाशी संपत होता. आत झाडून घेतलेल्या जमिनीवर तांदूळ पसरले होते. त्यावर देवी बसवलेली होती. पुढ्यात खण, खणावर अख्खा नारळ आणि चाफ्याची फुलं. एवढंच.

रंजितानं नारळ, खण, फुलं एकेक करून निरखली. मग तिनं गावकीला आणि कृष्णकांतना तिथंच बोलावून घेतलं. जनीला आणि शैलेशलाही.

“शैलेशनं हे केलेलं नाही,” ती म्हणाली. “त्याची माणसं गाडी घेऊन आली असती. इथं गाडी येत नाही. देवी डोक्यावरून आली, आणि ते बांधावरून पाट्या वाहिलेल्या माणसालाच जमतं.”

“गावात तशी लय हायत,” बुधाजी म्हणाले.

“हो. पण हा नारळ बघा. पुरुषानं देवीपुढे नारळ ठेवला तर तो फोडतो. हा अख्खा आहे, खणावर आहे. म्हणजे ही ओटी आहे. बाईनं भरलेली. देवीला जागेवरून उठवलं, म्हणून तिची समजूत काढायला.”

“म्हंजी मोनालीनं?” बुधाजींनी शैलेशकडे बघितलं.

“मोनालीनं भरली असती, तर हळदकुंकू असतं. हिरव्या बांगड्या असत्या. तांदूळ आणलेत, खण आणलाय, फुलं आणलीत. एवढं सगळं आठवणारी बाई हळदकुंकू विसरत नाही. तिनं ते लावायचं टाळलं.” रंजितानं आवाज खाली आणला. “यंदा नवरात्रात मी ओटी भरायला बसले होते. सगळं मांडलं आणि कुंकवापाशी हात थांबला. कुणी नको म्हणालं नव्हतं. आपला आपणच थांबतो.”

रंजितानं नारळावरची नजर काढून जनीकडे वळवली.

“ओटी विधवेनं भरली. तिचं घर त्या वळणाखाली येतं. रोज देवीपुढे दिवा लावणारी बाई काल सकाळी वेशीवर फिरकली नाही, कारण देवी तिथं नाही हे तिला माहीत होतं. संध्याकाळी तिनं दिवा मागच्या दाराला, या कोठाराकडे तोंड करून लावला. चोरी लपवता आली मावशीला. दिवा चुकवता आला नाही.”

जनीनं नाकारलं नाही. तिनं पदर सारखा केला.

“गावाला का नाही विचारलंत?” रंजितानं विचारलं.

“गावकीत बायांचा कोन आयकतंय, बाय? मंग मी देवीलाच इचारलं. आये, जरा सरकशील का? ती काय ‘नाय’ बोलली नाय. म्हनून उचलली.”

बुधाजींनी तक्रार मागे घेतली. पण देवी आजच्या आज जागेवर हवी, आणि जिनं उठवली तिनंच बसवायची, हे आमचं पयलेपासनं हाय, असं त्यांनी ठणकावलं. रंजितानं कृष्णकांतना विचारलं, की आता काही करता येईल का. देवी परत आली म्हणजे वळणही कायम, ते म्हणाले. आराखडा सगळ्या शहराचा असतो, एका घरासाठी... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. देवी रीतसर दहा पावलं सरकवता येणार नाही का, हे तिनं गावकीला विचारून पाहिलं. माणसं खाडीकडे बघत राहिली. शैलेशसुद्धा; फायदा त्याचा होता, पण देवी हलवा म्हणून गावाशी वैर त्याला नको होतं. त्यांची सगळ्यांची घरं शाबूत होती.

रंजिताला काहीतरी लागलं. रागच होता तो. कितीतरी महिन्यांनी आला होता, आणि त्याचा कुणालाही उपयोग नव्हता.

जनीनं पदराची चुंबळ केली आणि खाली वाकली. परवा रात्री एकटीनं उचललेली देवी आज तिच्यानं उचलवेना, तेव्हा रंजितानं खालून हात दिला. देवी डोक्यावर घेऊन जनी बांधावरून पुढे निघाली. मागून सगळं गाव अनवाणी चाललं होतं. वेशीवर येऊन तिनं देवी खळग्यात उतरवली, कडेची माती पायानं नाही, हातानं दाबली, आणि तोंड उगवतीला नीट आहे ना, ते दोनदा बघितलं.

तिचं होईपर्यंत कृष्णकांतच्या माणसांनी तिच्या घराच्या भिंतीवर पाडायच्या लाल खुणा करून घेतल्या होत्या.