शोकगृहातला आवाज

यातलं एक अक्षरही खोटं नाही. तोयोमे माझ्या आजीची सख्खी बहीण. घडलं ते आसुका या राजधानीतल्या राजवाड्यात, दक्षिणेच्या अंगणात, तिसऱ्या महिन्यात, भर सकाळी.

सम्राज्ञीला जाऊन चार महिने झाले होते. शवपेटी अजून त्या अंगणातल्या शोकगृहातच होती, दफनापर्यंत ठेवतात तिथे. गादीचं ठरल्याशिवाय दफन कोण करणार?

शेवटच्या घटकेला जवळ एकटी तोयोमे होती, त्यांची दासी. बाईसाहेबांनी वारस म्हणून लेकीचं नाव घेतलं. माकुमो. अगदी स्पष्ट. तोयोमे चार महिने हेच सांगत होती.

"तू ताटं उचल," महामंत्री त्सुनातारी म्हणायचा. "गादीचं आम्ही बघतो."

त्याला सम्राज्ञीचा पुतण्या इवासु बसवायचा होता. इवासु त्याचाच जावई. तोयोमेचं डोकं फिरायचं. कुणाकुणापुढे घसा फोडायचा?

त्या सकाळी पेटीसमोर शोकवाचन होतं. त्यात वारसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. मृतासमोर घेतलं की पक्कं.

पहिल्या वाचकाने घराण्यातली नावं धडाधड वाचली. मग म्हणाला, "वारस..."

आणि आवाज गेला.

ओठ हलत होते. आवाज नाही.

"थंडी बाधली," महामंत्री म्हणाला. दुसरा उठला. त्याच शब्दावर... तोही मुका.

पेटीवरचं पांढरं कापड हललं. वारा नव्हता.

"त्यांना हे मान्य नाही, मंत्रीसाहेब! आता तरी ऐका!" तोयोमे ओरडली.

"एवढी लाडकी ना तू त्यांची? मग तूच वाच. इवासु म्हण. नाहीतर तुझ्या घरच्यांचं काही खरं नाही."

तोयोमे उठली. काय व्हायचं ते होवो, माकुमोच म्हणायचं, असं तिने ठरवलं.

"वारस..."

पुढचा आवाज तिचा नव्हता.

घोगरा, जरबेचा, तीस वर्षं राज्य केलेला आवाज. "माझी लेक. माकुमो."

सगळ्यांनी तो ओळखला. दोघांनी तर सवयीने जमिनीला डोकं टेकलं.

महामंत्री पांढराफटक पडला. पण क्षणभरच. तो लेखनिकाकडे वळला.

"लिही. इवासु."

"पण साहेब, आत्ता तर..."

"काय ऐकलंस तू?"

लेखनिकाने मान खाली घातली. लिहिलं.

इवासु गादीवर बसला. माकुमोला दूरच्या देवस्थानात धाडलं.

तोयोमेचा स्वतःचा आवाज परत आला नाही. दरबारी दिसले की ती बाईसाहेबांच्या आवाजात एकेकाला नावानिशी हाक मारायची. कुणी वळून बघत नसे. नुसती पावलं भराभर उचलायचे.

आजी म्हणायची, घरी तिला "तोयोमे" म्हटलं, तर ती ओ देत नसे...