चाळीस रोबो आणि एक बंबवाला

प्रयोगशाळेचं दार कुणीतरी सताड उघडं टाकलं आणि माझा सत्तावीस नंबरचा रोबो बाहेर पळाला. मी मागे धावले, तर जिन्यापाशी एक उंचापुरा माणूस गुडघ्यांवर बसून हेल्मेटने त्याची वाट अडवत होता.

"तुमचं का हे कार्टं?" त्याने विचारलं.

"माझंच. अजून एकोणचाळीस आहेत आत."

"बापरे! मोठा संसार आहे."

तो अग्निशमन दलातला. आमच्या इमारतीतली आग विझवायची सिलिंडरं तपासायला आला होता. त्याच्या भुवईवर भाजल्याचा छोटा डाग होता आणि तो हसला की डागही हसायचा… हे माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. पण आलं.

मी त्याला आत नेलं. तळहाताएवढे चाळीस रोबो. प्रत्येकाला फक्त आपल्या शेजाऱ्याचा पत्ता ठाऊक, तरी मुंग्यांसारखे मिळून ते अख्खी इमारत धुंडाळतात. धुरात अडकलेल्यांना शोधण्यासाठीच मी ते केले होते. मी ऐटीत टॅबलेट पुढे केला. नकाशा, ठिपके, रंग!

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "रागावणार नसाल तर बोलू? धुरात मला स्वतःचा हात दिसत नाही हो… हा नकाशा मी बघू कसा?"

तीन वर्षांची मेहनत! महिन्याभराने समिती येणार होती, प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला. आणि हा कोण टिकोजीराव? घरी जाऊन मी आईपुढे खूप धुसफुसले.

आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "तो खरं बोलला म्हणून राग आलाय, की *तो* बोलला म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी थेट त्याच्या केंद्रावर गेले. "मला धूर दाखवा."

त्यांच्या सरावाच्या खोलीत यंत्राने धूर सोडतात. त्याने माझा मास्क बांधला, पट्ट्यात अडकलेली बट अलगद सोडवली… आणि आम्ही आत गेलो. दोन पावलांत दिशा हरवल्या. उरला फक्त त्याचा हात.

"खाली व्हा. रांगायचं. जमिनीलगत थोडं दिसतं."

गाल फरशीला टेकवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. रोबो जमिनीवर आणि माणूसही जमिनीवर! मग नकाशा हवाच कशाला?

पुढचा महिनाभर ड्यूटी संपली की तो यायचा. माणूस सापडला की रोबोंनी त्याच्यापासून दारापर्यंत रांग लावायची, प्रत्येकाने आपला दिवा पेटवायचा. दिवा कसा हवा, किती अंतरावर हवा, हे तो रांगून सांगायचा.

"गुडघे सोलवटले माझे," तो कुरकुरायचा.

"मग येता कशाला?"

"…रोबोंसाठी," तो म्हणायचा, माझ्याकडे बघत.

समितीच्या आदल्या दिवशी त्यांच्या सरावाच्या खोलीत शेवटची चाचणी होती. तो मास्क घालू लागला, तेव्हा मी म्हटलं, "आज मी एकटी जाते. माझाच विश्वास नसेल तर दुसऱ्याने का ठेवावा?"

त्याने मास्क माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मी दारात आहे."

आत काळोख, आणि जमिनीलगत इवल्या दिव्यांची रांग. अर्ध्या वाटेवर एक दिवा विझला. मी जागीच थांबले. पण शेजारचे दोघे सरकले, त्यांनी मधली जागा भरून काढली आणि वाट पुन्हा जुळली. मी रांगत बाहेर आले.

तो दारात उभा होता. चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

"किती वेळ लागला?"

त्याने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "लावायचंच विसरलो."

"अहो! उद्या समितीला काय सांगू?"

"सांगा, की बाहेरच्या माणसाचा जीव अर्धा झाला," तो एकदम बोलून गेला. "बारा वर्षं मी आत जातोय. बाहेर थांबून वाट बघायची… नाही जमत मला. त्यातून आत तुम्ही असाल तर—"

मी दाराच्या पायरीवर टेकले आणि मास्क काढला.

"मग शिकून घे." 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलंच नाही. "आणि मलाही शिकव. तू आगीत जाशील, तेव्हा दारात मीच असणार आहे ना?"

तो माझ्या शेजारी बसला. हातमोजा काढून त्याने माझा हात धरला.

"म्हणजे… हो ना?"

"हो रे बाबा, हो!"

"मग चल. चाचणी परत करावी लागेल."

या वेळी घड्याळ आधी लावलं आणि आम्ही दोघं मिळून आत गेलो. समितीने प्रकल्प पुढे चालू ठेवला, ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी मात्र वाट नीट दिसत असूनही आम्हाला बाहेर यायला जरा जास्तच वेळ लागला.