सेव्ह न केलेली चाल

दत्तप्रसाद गुरुवारी सकाळी कोथरूडहून बिबवेवाडीला निघाला तो अगदी साध्या कामासाठी. एक बटण दाबायचं, काकूंना धीराचे दोन शब्द बोलायचे आणि ऑफिस गाठायचं. भुताखेतांचं म्हणाल तर ते त्याच्या डोक्यातही नव्हतं. पुणेकर माणूस तो! शेजाऱ्याच्या बोलण्यावरही पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही, तिथे भुताची काय कथा!

त्याचा जिवाभावाचा मित्र रणजित मागच्या शुक्रवारी गेला होता. त्याच्या घरी टेबलावर त्याचा सिक्वेन्सर तसाच चालू होता. पाटीएवढं यंत्र, पुढे सोळा बटणांची रांग. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि त्या जागी सूर वाजतो, पुन्हा दाबलं की तो सूर जातो. बाजूचा नॉब फिरवून सूर वरखाली करायचा. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. नवी चाल बसवता बसवता "आई, आलोच" म्हणून रणजित गाडी घेऊन बाहेर पडला, तो परतलाच नाही. चाल मात्र तेव्हापासून वाजत राहिली होती. ती सेव्ह केलेली नव्हती. प्लग निघाला किंवा लाइट गेली, की संपलं. आणि पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार. दहाला लाइट जाणार, असा मेसेज आलाच होता.

रणजितच्या आईने, कुसुमकाकूंनी, दार उघडलं. रडून रडून डोळे सुजलेले. खिडक्या बंद, कोंदट वास, आणि त्या वासात हळू आवाजात फिरणारी ती चाल.

"तेवढी जपून ठेव रे बाबा," काकू म्हणाल्या. "त्याचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

दत्तप्रसाद यंत्रासमोर बसला आणि इथेच घात झाला. दोघं मित्र कार्यक्रमांत एकत्र वाजवायचे. रणजित वाजवता वाजवता चाल हवी तशी मोडायचा आणि गाणं संपत आलं की दत्तप्रसाद दोन बटणं दाबून आधीची, सेव्ह केलेली चाल परत आणायचा. वर्षानुवर्षं त्याचं हेच काम. सेव्हचं बटण त्या दोन बटणांना अगदी लागून. डोळे भरून आलेले, समोरचं धड दिसेना, आणि हाताने मेल्याने सवयीचं तेच केलं.

खोलीत भलतीच, जुनी चाल वाजू लागली.

"ही ती नाही," काकू म्हणाल्या.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू... माझ्याकडून..."

तेवढ्यात तिसऱ्या बटणाचा दिवा विझला. कुणी हात न लावता. मग पाचव्याचा लागला. नॉब सावकाश फिरला, सूर जरा जास्तच वर गेला आणि पुन्हा थोडा खाली आला. रणजित असंच करायचा, आधी पुढे जायचा, मग मागे यायचा. दत्तप्रसादच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकेक सूर बसत होता... मघाची चाल परत येत होती.

"तोच आहे," काकू कुजबुजल्या. घाबरल्या नाहीत हो, हसल्या!

दहा वाजत आले तेव्हा शेवटचा सूरही बसला. दत्तप्रसादने या वेळी नीट बघून सेव्हवर बोट नेलं, तर काकूंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे."

"काकू, लाइट जाईल!"

"जाऊ दे... पूर्ण झालं तर तो परत कशाला येईल?"

आणि लाइट गेली. यंत्र मुकं झालं, पंखा हळूहळू थांबला.

दुपारी लाइट आली, यंत्र जुन्या चालीवर सुरू झालं. थोड्या वेळाने तिसरा दिवा विझला. आता या माउलीला काय म्हणावं? तेव्हापासून रोज हेच. चाल पुरी व्हायच्या आत काकू भिंतीवरचं बटण स्वतः बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा पहिल्यापासून चाल बसवायला लागतं. दत्तप्रसादने हात जोडून विनवलं, "दमला असेल हो तो. सोडा त्याला."

"तुझं काय जातंय सांगायला? तुझी आई तुला रोज बघते."



पण परवा काकूंनीच त्याला तातडीने बोलावून घेतलं. तो पोचला तेव्हा एकाच बटणाचा दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता... नॉब उगाच वरखाली चाचपडत होता. रणजित आपलीच चाल विसरत चालला होता.

"मी सांगते त्याला," काकू रडत म्हणाल्या. चाल त्यांना आता पाठ होती. ती गुणगुणत त्यांनी त्या बटणावर बोट टेकवलं आणि झटकन हात मागे घेऊन पदराखाली दडवला.

"काय झालं, काकू?"



"हात लागला रे त्याचा..." त्या म्हणाल्या. "एवढासा झालाय. बालवाडीत सोडायला न्यायचे ना मी... तेव्हा होता तेवढा."