राखाडी कोटाचं शेवटचं काज

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे आणि खरी आहे. मीसुद्धा बरीच वर्षं ती हसण्यावारी नेली.

आता नाही नेत.

आणि यात मध्यरात्र, वादळ, गेलेली वीज असलं काही शोधू नका. जे झालं ते भर दुपारी सुरू झालं. चालू दुकानात, लोकांच्या डोळ्यांदेखत.

मामा शिंपी. बाजाराच्या गल्लीत त्याचं दुकान, बोळासारखं चिंचोळं. पुढे कापायचं टेबल, मागे मशीन, त्याच्याही मागे पडद्याआड कपडे घालून बघायची एवढीशी जागा. खिडकी नाही. रस्त्याकडचं एक दार, बस्स.

हातात कसब होतं, पण वेळेवर कपडा दिला असेल तर शपथ. "उद्या या" हे त्याचं ठरलेलं उत्तर. लोक त्याला तोंडावर 'उद्या टेलर' म्हणायचे. गिऱ्हाइकं येऊन कडाकडा भांडायची, मामाही त्यांना पुरून उरायचा, मग चहा पाजून पुन्हा उद्याचा वायदा. घरी मामीबरोबर तोच कार्यक्रम. भांडल्याशिवाय दोघांना घास उतरायचा नाही.

त्या दुपारी एक उंच, हडकुळा माणूस दुकानात आला. हातात राखाडी कापड.

"कोट शिवायचाय."

"या, माप घेतो."

"तुमच्याच अंगाचा शिवा. चालेल."

मामा हसला. "अहो, माझं पोट बघा. त्या कोटात तुम्ही दोनदा मावाल!"

तो हसला नाही.

"तुमच्याच अंगाचा."

मामाने खांदे उडवले. "बरं. उद्या या."

"घाई नाही. पुरा झाला की मी येईन."

मामाला जरा चुटपुट लागली. 'कधी देणार' असं न विचारता गेलेलं हे त्याचं पहिलंच गिऱ्हाईक. पण तो जुना खेळाडू. कापड हातात आलं की तो लगेच कात्री चालवायचा, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जायचं नाही. हीच त्याची युक्ती. त्याने आपल्या मापाचा कोट तिथल्या तिथे कापला, तुकडे पडद्यामागच्या खुंटीवर टांगले आणि सवयीप्रमाणे विसरून गेला.

मग लोक बदलायला लागले…

आधी शेजारचा चपलावाला. मामाचं स्टूल आपल्या पायरीवर येतं म्हणून तो रोज सकाळी तोंडाचा पट्टा सुरू करायचा. त्या दिवशी तो मामाकडे बघतच राहिला.

"असू दे स्टूल. बस निवांत."

मग एक शिक्षिका. त्यांचे कपडे कधीचे अडकले होते. रणचंडी होऊनच दुकानात शिरल्या. "लाज वाटते का हो तुम्हाला? किती वेळा…"

आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

त्यांची नजर मामाच्या खांद्यावरून मागे गेली… तिथेच थांबली…

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश द्या. काळजी घ्या."

मामाने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. फक्त पडदा हलत होता. पंखा बंद होता.

घरी जेवताना मामाने मुद्दाम कुरापत काढली. "भाजी अळणी झालीये."

मामीने खाली बघितलं. "उद्या नीट करते हं."

हं? मामी आणि हं? मामाच्या हातातला घास हातातच राहिला.

त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी झालंय आणि ते सगळ्यांना कळलंय. तो डॉक्टरकडे गेला. तंबाखूवरून मामाची सालटी काढणारा हा डॉक्टर. त्याने नीट तपासलं. "ठणठणीत आहात," म्हणाला. मग मान वर केली, मामाच्या मागे पाहिलं आणि चष्मा पुसत बसला.

"आवडतं ते खात जा."

"आणि तंबाखू?"

"खा हो. मन मारू नका."

मामाची पाचावर धारण बसली. त्याने भांडण मिळवायचा चंग बांधला. एकाची नवी पँट इस्त्रीने जाळली. ते गिऱ्हाईक म्हणालं, होतं असं. चपलावाल्याच्या पायरीवर कचरा लोटला. त्याने निमूट झाडला. जिकडे जावं तिकडे मऊ आवाज आणि खाली घातलेल्या माना. गल्ली तीच, माणसं तीच, पण आपल्याला कोणीतरी आत कोंडलंय आणि बाहेरून सगळे दार थोपटतायत, असं मामाला वाटायला लागलं.

"भांडण म्हणजे काय रे?" मामा मला नंतर म्हणाला. "समोरचा उद्याही आहे, असं धरलं तरच माणूस भांडतो. ज्याला उद्या नाही त्याच्याशी कोण वाद घालेल? जिवंतपणीच लोकांनी मला वजा करून टाकलं होतं."

एका संध्याकाळी त्याने ताट भिरकावलं. "भांड की! शिव्या दे! काय लपवताय सगळे?"

मामी रडायला लागली.

"तो असतो ना… तुमच्या मागे."

"कोण?"

"उंच आहे. हातात टेप आहे. कधी तुमच्या खांद्याला लावतो, कधी मानेला… सगळ्यांना दिसतो."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"काय सांगणार? म्हटलं, राहिलेले दिवस तरी गोड जावेत…"

तिने तोंडावर हात ठेवला. पण बोलून गेली होती.

मामा तसाच दुकानाकडे धावला. बाजार अजून चालू होता. त्याने पडदा सारला…

खुंटीवर कोट होता.

तुकडे नव्हेत. अख्खा कोट. अस्तर लावलेलं, कॉलर बसवलेली, बटणं टाकलेली. शिलाई हुबेहूब मामाच्या हातची होती आणि मामाने त्याला सुईसुद्धा लावली नव्हती.

फक्त शेवटचं काज राहिलं होतं. त्याला अर्धेच टाके पडले होते. सुई दोऱ्याला लटकत होती…

आणि दोरा अजून झुलत होता.

तेवढ्यात मानेला काहीतरी टेकलं. पातळ. गार. पट्टीसारखं…

 मामाची वळायची छाती झाली नाही. पळायला दार एकच, तेही पाठीमागे. हाताला कात्री लागली आणि त्याने कोटाची बाही खांद्यातून उसवून काढली.

मानेवरचा गारवा गेला.

बाहेरून चपलावाला ओरडला, "अरे ए उद्या! ते स्टूल उचल आधी!"

मामा खाली बसून हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर बाही पुन्हा जोडलेली होती.

तेव्हापासून मामा रोज ती उसवतो. गावाला जात नाही, आजारी पडला तरी दुकान चुकवत नाही. स्वतःच्या मुलीच्या घरी एक रात्र राहिलेला नाही. सकाळी मामी गोड बोलते आणि तो तसाच दुकानाकडे धावतो. दुकानात जाऊन बाही उसवली की थोड्या वेळात तिचा फोन येतो, "डबा विसरलात! डोकं कुठे असतं तुमचं?" तेव्हा कुठे त्याला श्वास येतो.

मी विचारलं, "जाळून का टाकत नाहीस?"

"कापड मी कापलंय," मामा म्हणाला. "आता हे गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं नाही."

इथपर्यंत मी हसत होतो.

गेल्या आठवड्यात मी शर्ट शिवायला मामाकडे गेलो. मला बघून तो नेहमीसारखा सुरू झाला, "या जहागीरदार! आज कशी आठवण…"

आणि थांबला.

त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली…

"काय झालं, मामा?"

"कुठे काय." त्याने मशीनवरचं काम बाजूला सारलं. "बस. आजच देतो तुझा शर्ट."

आज! उद्या टेलरच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नसेल. तो शिवत असताना मी एकदाही मागे वळलो नाही. शर्ट हातात देताना त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरले होते.

"मामा, खरं सांग. मागे कोण आहे?"

"कोणी नाही रे. चहा घेतोस?"

मामाला निदान त्याचा कोट कुठे टांगलाय हे ठाऊक आहे. माझा कोणी कापला? कुठल्या दुकानात, कुठल्या पडद्यामागे? मी दिसेल त्या शिंप्याच्या दुकानात शिरून विचारतोय. लोक वेड्यासारखे बघतात. पण चिडत कोणीच नाही.

आज सकाळी मी बायकोचा सगळ्यात आवडता कप मुद्दाम जमिनीवर टाकला. तुकडे पार दारापर्यंत गेले. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"राहू दे हं," ती म्हणाली.