चौऱ्याऐंशी मीटर

जावयाने हौसेने गाडीला रिमोट स्टार्टर बसवून दिला आणि निवृत्त मोजणीदारांच्या डोक्याला नवा ताप झाला.

बायकोची छाती नाजूक. गार हवा लागली की धाप लागायची, आणि दर सोमवारी-गुरुवारी सकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागे. वरून बटण दाबायचं, इंजिन सुरू होऊन गाडी आतून ऊबदार व्हायची, मग तिने उतरायचं, असा बेत होता. पण पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून बटण दाबलं की रिमोटवर तांबडा दिवा लागे. सिग्नल पोचला नाही. म्हणजे आधी आपण पाच मजले उतरा, गाडीजवळ जाऊन रिमोट दाबा, पुन्हा वर या. असून अडचण, नसून खोळंबा!

जन्मभर जमिनी मोजलेला माणूस तो. त्यांनी टेप काढला. खिडकी ते गाडी, सरळ रेषेत चौऱ्याऐंशी मीटर. रिमोट पोचत होता अडतीस. सेल बदलला, एक्केचाळीस. गाडीच्या वायरमनने अँटेना पत्र्यापासून सोडवून समोरच्या काचेच्या वरच्या कडेला चिकटवला, बावन्न.

"रिमोट हनुवटीला टेकवून दाबा, काका," वायरमन म्हणाला. "डोक्यातल्या पाण्याने सिग्नल लांब जातो."

"माझ्या डोक्यात पाणी?"

"सगळ्यांच्याच असतं हो."

एकसष्ट. रोज सकाळी हनुवटीला रिमोट लावून खिडकीत उभं राहायचं, समोरच्या गच्चीतल्या लोकांनी हसायचं आणि दिवा तांबडा तो तांबडाच. एकदा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यांनी रिमोट पलंगावर आपटला.

"त्याच्यावर कशाला राग? आणा इकडे," बायको म्हणाली. पडल्या पडल्याच तिने तो हनुवटीखाली धरला आणि दाबला.

हिरवा दिवा. खाली इंजिन सुरू झालं.

"बघा," ती म्हणाली. "तुम्ही उगाच आरडाओरडा करता."

त्या गुरुवारी जावई त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या खाटेवर तिने गंमत म्हणून सोबत आणलेला रिमोट हनुवटीला लावून बटण दाबलं. हिरवा दिवा. दोन मिनिटांत शेजाऱ्याचा फोन आला की तुमची गाडी आपोआप सुरू झालीय.

दवाखाना घरापासून चार किलोमीटर.

"शक्यच नाही," वायरमन म्हणाला. मोजणीदारांनाही तेच म्हणायचं होतं. खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं, पण त्यांची चिडचिड आणखी वाढली. ज्याला शेवटचं टोक नाही ते मोजायचं कसं?

आता बायको दिवसातून चार-पाच वेळा गाडी सुरू करायची. दहा मिनिटांनी इंजिन आपलं आपण बंद व्हायचं. तिचा खोकला थांबला, धापही गेली. डॉक्टर म्हणाले, छान. मोजणीदारांना मात्र काही छान वाटेना, कारण दोन गोधड्यांखालीही तिचे हात गार पडू लागले होते. हनुवटी तर सकाळच्या नळासारखी गार. आणि गाडीत तिच्या बाजूची सीट हीटर न लावताही ऊबदार असायची, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

ते घाबरले. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी रिमोट काढून घेतला, त्यातला सेल काढला आणि वायरमनला बोलावून गाडीतलं यंत्र वायरींसकट उपसून आणलं. सगळं कपाटात कोंबून कुलूप घातलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवारी सकाळी त्यांनी खिडकी उघडली. खाली गाडी सुरू होती.

ते चप्पल न घालता खाली धावले. गाडीत कुणी नव्हतं. दार उघडलं, हात आत घालून चावी लावली आणि इंजिन बंद केलं.

खिशातला फोन वाजला. बायकोचा.

"अगं, काय झालं?"

नुसता घशातून ओढल्यासारखा आवाज.

"अगं, बोल ना! आलोच मी!"

त्यांनी चावी उपसून घेतली आणि जिन्याकडे वळले. मागे इंजिन सुरू झालं.

फोनवर एक लांब श्वास ऐकू आला. मग दुसरा.

"बंद करू नका हो," ती म्हणाली. "आता बंद केलीत की श्वास येत नाही."

चावी त्यांच्या मुठीत होती. ते परत गाडीपाशी आले. तिच्या बाजूच्या काचेवर आतून वाफेचा गोल धरत होता, विरत होता, पुन्हा धरत होता. सवयीने त्यांनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा.

"ऐकताय ना?" फोनवरून ती म्हणाली.

"हो, हो. नाही करत बंद," ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांची नजर स्टिअरिंगमागे गेली. पेट्रोलचा काटा तांबड्या रेघेच्या खाली टेकला होता.