गुंडा आमच्यासोबत परत आला

चार वर्षं झाली. एक माणूस सोडला तर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

वाचून झाल्यावर खोटं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

तारीख पक्की आठवते. १८ डिसेंबर २०२१. शनिवार, दत्तजयंती. ठिकाण कोकणातलं एक बंदर. नाव लिहीत नाही.

आणि हो, हे रात्री घडलेलं नाही. लख्ख उन्हात घडलंय.

मी ऋषिराज. कुपवाडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. आम्ही चौघं गेलो होतो. जयराज आमचा सुपरवायझर. मानसिंग मिलिटरीतून रिटायर होऊन गेटवर सिक्युरिटीला लागलेला, बोलेरो त्याचीच. मी. आणि चौथा गुंडा.

गुंडा माझ्या शेजारच्या मशीनवर होता. अडतीस वर्षांचा, लग्न झालेलं नाही. घरी म्हातारी आई, बनुबाई. लय साधा माणूस. कुणी काही बोललं तरी नुसता हसायचा.

त्याला पाण्याची भीती होती.

२०१९ च्या महापुरात तो आणि त्याची आई सांगलीतल्या त्यांच्या घरात अडकली होती. दोन दिवस, दोन रात्री पत्र्याखालच्या माळ्यावर बसून काढल्या. पाणी माळ्याच्या फळीला लागलं होतं. तेव्हापासून तो नदीच्या पुलावरून गाडी नेतानासुद्धा डावीउजवीकडे बघायचा नाही. नंतर त्यांनी घर सोडलं आणि कुपवाडला भाड्याने राहायला आली.

हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

म्हणूनच जयराजने त्याला सोबत घेतलं.

"गुंड्या, आरं समुद्र लांबनं बघ की. बोटीत बसू नगंस," असं म्हणून त्याला गाडीत घातला. आणि बंदरावर गेल्यावर लाइफ जॅकेट स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात अडकवलं.

"जयराजदादा, मी हितंच बसतो. तुमी जावा."

"म्हातारा झालास व्हय रं? ऋषी, धर त्याला."

मी धरला.

हसत हसत धरला. ते खरंय.

स्पीडबोट होती. समुद्रातल्या गुहा दाखवून आणायची. बोटवाला पन्नाशीचा, काळासावळा, कमी बोलणारा. आम्ही उशिरा पोचलो होतो, त्यामुळे तो कुरकुरत होता.

"आज पुनवेची भरती आसा. नवाच्या आत थंयसून भायर येवक व्हया. मागीर गुहेचा तोंड दिसूचा नाय."

पावणेनऊ झाले होते. म्हणजे गुहेतून बाहेर पडायला जेमतेम पाव तास.

बोट सुटली. गुंडाने दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरला होता, डोळे गच्च मिटलेले. जयराज त्याचा व्हिडिओ काढत होता. मानसिंग नुसता बघत होता.

गुहा कड्याच्या पोटात होती. तोंड माणसाच्या उंचीएवढं. खाली गुडघाभर पाणी. आत गेलं की थोडी रुंद जागा, मग वर चढत गेलेला एक खडक, आणि छत... छत डोक्याला लागेल इतकं खाली. बाहेर ऊन, आत शेवाळ्याचा वास आणि गारठा.

आम्ही उतरलो. गुंडालाही उतरवला. पायाखाली जमीन आली म्हणून त्याला जरा बरं वाटलं असावं. तो आपणहून त्या खडकावर जाऊन बसला.

तेव्हा जयराजने मला डोळा मारला.

आम्ही तिघं हळूच बाहेर आलो आणि बोटीत चढलो. बोटवाल्याला वाटलं चौथा येतोय. जयराज म्हणाला, "चला, पुढं एक फेरी मारू. आलो की त्याला घेऊ."

"नको हा. पानी चढता."

"दहा मिनटाचा प्रश्न हाय ओ. चला!"

बोटवाल्याने मानसिंगकडे बघितलं. वयाने तोच मोठा. मानसिंगने मान हलवली. हो म्हणून.

इंजिनचा आवाज ऐकून गुंडा आतून ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही. जयराजने तोंडाशी हात नेऊन उत्तर दिलं,

"दहा मिनटात येतो रं गड्या!"

आम्ही हसत होतो. पुढच्या कड्याला वळसा घालेपर्यंत हसत होतो.

तिथे पाण्यात कुणाचं तरी तुटलेलं जाळं तरंगत होतं. ते इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलं गेलं. इंजिन धाडकन बंद पडलं.

दहा मिनिटं झाली.

वीस झाली.

बोटवाला अर्धा पाण्यात उतरून सुरीने जाळं कापत होता. हात रक्ताळले त्याचे. लाटा वाढत चालल्या होत्या. जयराज अजून विनोद करत होता, पण त्याला कुणी हसत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. दुसरी बोट दिसत नव्हती.

पाऊण तास. एक तास.

मग जयराजने हातातला फोन खिशात टाकला.

इंजिन सुरू झालं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कड्याला वळसा घालून आम्ही परत आलो...

गुहा नव्हती.

नुसता सरळ कडा. पाणी वर चढून तोंड पूर्ण बुडालं होतं. लाट आली की आतून कोंडलेल्या हवेचा आवाज यायचा. कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसा.

मानसिंग "देवा" म्हणून मटकन खाली बसला.

आणि तेवढ्यात जयराज ओरडला, "त्यो बघा! त्यो बघा की!"

कड्याला लागून एक खडक पाण्याबाहेर होता. त्यावर गुंडा उभा होता.

दोन्ही हात खाली सोडलेले. आमच्याकडे बघत.

आम्हाला इतका आनंद झाला की मी रडलो. बोट जवळ नेली. तो चढला. एरवी कुणीही चढलं की बोट एका बाजूला कलायची.

या वेळी हलली नाही.

मी त्याचा हात धरून त्याला बसवला. हात गार होता. पण शर्ट... कोरडा. पँट कोरडी. केससुद्धा कोरडे.

अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

"गुंड्या, जॅकेट कुठं टाकलंस?" मी विचारलं.

त्याने बुडालेल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"आत हाय."

बोटवाल्याने वळून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाकून समुद्राचं पाणी हाताने कपाळाला लावलं आणि बंदर येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही.

बंदरावर त्याने तीन जॅकेटं घेतली. चौथ्याचं विचारलं नाही. मला मात्र हाताला धरून बाजूला नेलं.

"दादा, तेका वाटेत खंय उतरव नकात. घरापर्यंत न्हेवन सोडा."

"का?"

तो निघून गेला.

परतीच्या वाटेवर गुंडा मागच्या सीटवर माझ्या शेजारी, खिडकीशी बसला होता. रागावला असेल असं आम्हाला वाटलं. जयराजने माफी मागितली नाही, पण दोनदा चहा विचारला. गुंडा बाहेर बघत होता.

घाटात धुकं लागलं. गाडीच्या काचा आमच्या श्वासाने धुरकटल्या. मानसिंग सारखा फडक्याने समोरची काच पुसत होता.

माझ्या खिडकीची काच पांढरी झाली होती.

त्याच्या खिडकीची नाही.

ती स्वच्छ होती. एवढा जवळ तोंड नेऊन बसला होता, तरी.

मग आवाज यायला लागला. टप... टप... टप... माझ्या डाव्या बाजूने, खाली पायाशी. मी हात घालून बघितलं. मॅट कोरडी होती.

आवाज थांबला नाही.

घाट चढून वर आलो तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"जयराजदादा... दहा मिनटं झाली का?"

जयराज कसनुसा हसला. "बास की रं आता. चुकलं आमचं."

पाच-सात किलोमीटर गेलो.

"जयराजदादा... दहा मिनटं झाली का?"

आवाजात राग नव्हता. लहान पोराने विचारावं तसं विचारत होता.

कोल्हापूरच्या अलीकडे जेवायला थांबलो. तोही उतरला. टेबलावर बसला. वेटरने त्याच्यापुढेही ताट ठेवलं, "घ्या पाव्हणं, गरम हाय," म्हणाला. म्हणजे तो सगळ्यांना दिसत होता. माझ्या एकट्याच्या मनाचे खेळ नव्हते ते. त्याने ताटाला हात लावला नाही.

पुढच्या प्रवासात रेडिओ लावला. मोठ्याने लावला. तरी तो प्रश्न ऐकू येत होता. सांगलीत शिरेपर्यंत कितीदा विचारलं कुणास ठाऊक. शेवटी शेवटी मानसिंगसारखा माणूस, बॉर्डरवर राहून आलेला, गाडी चालवता चालवता मुसमुसत होता.

दिवे लागले तेव्हा आम्ही त्याच्या गल्लीच्या तोंडाशी होतो. तो उतरला. दार न लावताच चालत गेला. बनुबाईंनी कडी काढली, तो आत गेला. मी डोळ्यांनी बघितलं.

सोमवारी तो कामावर आला नाही.

अकरा वाजता ऑफिसात फोन आला. कोकणातल्या पोलिसांचा. एका मृतदेहाच्या खिशात आमच्या वर्कशॉपचं ओळखपत्र सापडलं होतं.

मी, जयराज आणि मानसिंग ओळख पटवायला गेलो.

गुंडाच होता.

गुहेत, छताच्या फटीत अडकला होता. अंगावर लाइफ जॅकेट, पट्टे नीट बांधलेले. तिथल्या हवालदाराने जे सांगितलं ते मी विसरायचा फार प्रयत्न केला.

पाणी चढत गेलं तसं जॅकेटने त्याला वर उचललं. छताला नेऊन टेकवलं. बुडी मारून गुहेच्या तोंडातून बाहेर यायचं म्हटलं तरी जॅकेट खाली जाऊ देईना. जॅकेट नसतं तर कदाचित सुटला असता. त्याची नखं उरली नव्हती. छतावर ओरखडे होते.

"दोन दिवस झाले असतील पाण्यात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे शनिवार.

पोलिसांनी आम्हाला विचारलं. जयराज शांतपणे म्हणाला,

"साहेब, त्यो आमच्यासंगं परत आलावता. घरी सोडलाय आमी त्याला. आईला इचारा."

ते खोटं नव्हतं.

हॉटेलवाल्याला विचारलं. आला होता. गल्लीतल्या दुकानदाराला विचारलं. आला होता. बनुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, आलावता. रातभर घरात हुता. सकाळी उठून बघितलं तर न्हाई."

डॉक्टरांनी मग, पाण्यातल्या मृतदेहाची वेळ नक्की सांगता येत नाही, असं लिहून दिलं. पोलिसांनी लिहिलं की रविवारी तो एकटाच परत तिकडे गेला आणि त्याने जीव दिला. जीव देणाऱ्याच्या अंगावर जॅकेट कसं, हे कुणी विचारलं नाही. बोटवाल्याने तोंड उघडलं नाही.

आम्ही सुटलो.

ज्याला आम्ही मारलं त्यानेच आम्हाला सोडवलं.

गल्लीत लोक बोलायला लागले. गुंडाला कसलं दुःख होतं? म्हातारीनं छळला असंल. लग्न लावलं न्हाई त्याचं. बनुबाईंच्या दारात बायका येईनाशा झाल्या. आम्ही तिघांनी ते सगळं कानांनी ऐकलं आणि एक शब्द बोललो नाही.

गेल्या महिन्यात मला राहवेना. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. जयराजचा डोळा मारणं, बोट, जाळं, सगळं.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या,

"ठाऊक हाय मला."

मी वर बघितलं.

"त्या दिशी आला तवाच कळलं. पोराच्या अंगाला हात लावला तर आईला कळत न्हाई व्हय? म्हणला, आई, मला उंचावर निजीव. म्या ट्रंकांवर ट्रंका रचून वर हातरून टाकलं. रातभर वरनं पाणी गळत हुतं. सकाळी हातरून पिळलं तर खारट."

मी त्यांचे पाय सोडून मागे सरकलो.

"मग... मग पोलिसांना तसं का सांगितलंत? आमी... आमाला फाशी व्हायला पायजे हुती, मावशी."

बनुबाईंनी कपबशी उचलली. शांतपणे. डोळ्यात पाणी नव्हतं.

"त्योच म्हणला. आई, कुणी इचारलं तर सांग, गुंडा घरी आलावता. त्या तिघांस्नी काय हू दिऊ नगंस."

"का पण?"

"ते न्हाई सांगितलं."

मोरीकडे जाता जाता त्या थांबल्या.

"पर सांगताना हसत हुता बघ. जल्मात तसा हसला नव्हता."

चार वर्षांत आमचं काहीच वाईट झालेलं नाही. मानसिंगच्या मुलीचं लग्न झालं. जयराजला बढती मिळाली. मला मुलगा झाला, आता अडीच वर्षांचा आहे. तिघांपैकी कुणाला साधा तापसुद्धा आला नाही.

जयराज म्हणतो, संपलं ते. मला मात्र बनुबाईंनी सांगितलेलं ते हसू आठवतं.

मी रोज घरी आलो की आधी पोराला जवळ घेतो. त्याचे केस, शर्ट हाताने चाचपून बघतो.

बायको विचारते, काय बघता हो?

मी पोराचं तोंड खिडकीच्या काचेजवळ नेतो आणि काच धुरकटते का ते बघतो...