छावणीतल्या धोबिणीचे अर्ज

पीएच. डी.च्या शेवटच्या वर्षी मी साथीच्या छावणीवर काम करत होते. सव्वाशे वर्षांपूर्वी शहराबाहेर पत्र्याच्या शेड ठोकून आजारी माणसांना घरच्यांसकट तिथे कोंडलं होतं. त्या छावणीचा एकच गठ्ठा अभिलेखागारात उरला होता. एकतीस कागद, आणि सगळ्यांतून आरपार गेलेलं कसरीचं एक भोक. त्यातले तीन अर्ज एका धोबिणीचे. नवरा वारला, मी आणि दोन्ही मुली धडधाकट आहोत, आम्हांला घरी सोडावं, एवढंच मागणं.

मार्गदर्शक सरांनी प्रबंधातलं माझं प्रकरण वाचून बाजूला सारलं.

"तीन अर्जांवर प्रकरण उभं राहत नाही. तू कागदांना प्रश्नच विचारत नाहीस. न बोलणाऱ्याला बोलतं करायचं, हेच आपलं काम."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत करण्याआधी मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, 'धाकटीचं पुढे काय झालं?'

सकाळी अभिलेखागारातले काका नेहमीसारखे कागद मोजून देत होते. मध्येच थांबले.

"बत्तीस. काल एकतीस होते. तुम्ही काही घातलंत का यात?"

"मी कशाला घालू, काका?"

त्यांनी पुन्हा मोजले आणि नोंदवहीतला आकडा दुरुस्त केला.

नवा अर्ज जुन्याच कागदावर होता. कसरीचं भोक त्याच जागी. 'साहेब, धाकटी काल दुपारी गेली. ताप नव्हता. कोणीतरी माझी चौकशी करतंय, असं ती सकाळपासून म्हणत होती.'

मी तो अर्ज अक्षर न् अक्षर उतरवून घेतला.

योगायोग असेल, म्हणून मी आणखी एक प्रश्न लिहिला. 'धोबिणीनं विरोध केला का?' तेहतिसाव्या कागदात उत्तर होतं. फाटकाशी हुज्जत घातली म्हणून शिपायांनी तिची बोटं ठेचली होती. आता इस्त्री धरवत नाही, असं तिनं सांगितलं होतं.

"हे सोनं आहे," सर म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला बसायला सांगितलं.

त्यानंतर दहा दिवस मी तिकडे फिरकले नाही. जेवण जात नव्हतं. मग सरांचा फोन आला.

"पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. त्या बाईचा शेवट कुठाय?"

"सर, तेवढं राहू दे ना."

"मग तुझा प्रबंधही राहू दे."

ती बाई काही झालं तरी आज जिवंत नसती. मेलेल्याला मारण्यात कसलं पाप, असं मी स्वतःला समजावलं. समजूतही पटकन पटली.

मी वही उघडली. 'धोबिणीचा शेवट कसा झाला?'

सकाळी काकांनी कागद मोजलेच नाहीत. गठ्ठा टेबलावर सरकवून ते दुसरीकडे बघत राहिले.

चौतिसावा कागद.

अक्षर पोरवयाचं, ओळी उतरत गेलेल्या.

'साहेब, आई गेली. मी आता एकटीच आहे. बाईंना सांगावे, की विचारण्यासारखे आमच्यात आता कोणी उरले नाही. मला विचारू नये.'

आधीच्या एकाही अर्जात कुठल्या बाईंचा उल्लेख नव्हता.

मी तो पूर्ण उतरवला आणि खाली तळटीप दिली. 'या बाई कोण, हे उपलब्ध साधनांवरून स्पष्ट होत नाही.'

मग पान उलटलं आणि थोरलीचं वय विचारलं.